नव्व्याण्णव टक्क्यांवर रुसलेले दाजी

"बाळ्या, हात वर! दोन्ही हात वर! त्या कीबोर्डला पुन्हा शिवलास तर बोटं छाटून प्रवरेत सोडीन!"

हा आवाज माझा. हातात उसाच्या रसाचा ग्लास, त्यातला अर्धा रस जिन्यात सांडलेला आणि उरलेला शर्टावर. समोर खुर्चीत दोन्ही हात वर करून बसलेला बाळूशेठ... कोल्हारात फोटो-व्हिडिओ स्टुडिओ चालवणारा, पंचक्रोशीतल्या निम्म्या लग्नांचं शूटिंग केलेला आणि शाळेपासूनचा माझा दोस्त.

"म्या काय केलं रं शिऱ्या? त्यानं इचारलं, नक्की का? म्या म्हनलं, व्हय."

"त्यानं म्हणजे कोणी?"

"मशीननं!"

तर मंडळी, या सदरात कुणाला काय दिसतं ते मी नेमानं वाचतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा. मी वाचतो आणि हसतो. भिंगारमध्ये आमचं घर कब्रस्तानाच्या भिंतीला लागून. लहानपणी चेंडू रोज तिकडे जायचा आणि आम्ही रोज जाऊन आणायचो. कुणी कधी साधं 'कोण आहे रे तिकडे' म्हटलं नाही. धंदा माझा सर्व्हर दुरुस्तीचा, त्यामुळे ज्याला वायर नाही त्याच्यावर माझा विश्वास नाही. आयुष्यात मला घाम फोडला तो दोघांनीच — एक आमचे सासरे आणि दुसरा स्वस्तातला पॉवर सप्लाय. एवढं सांगूनही पुढचं वाचून तुम्ही मला थापाड्या म्हणणार. म्हणा. आमच्या घरातही म्हणतात.

जागा नीट सांगतो, म्हणजे नंतर कुणी खोड काढायला नको. कोल्हार. नगर-मनमाड रोड, एसटी स्टँडच्या समोर, कृषी सेवा केंद्राच्या वरचा मजला. चैत्र महिना. वेळ दुपारची, जेवणानंतरची, म्हणजे भुतं असलीच तर तीसुद्धा आडवी झालेली असतात अशी. खिडकीतून खताचा वास आणि कोपऱ्यात बाळूशेठचा सर्व्हर. हा सर्व्हर त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीच्या भंगारातून उचलला होता. तो चालू केला की खालच्या दुकानात युरियाची पोती जागची सरकायची. एकदा तर म्हणे रस्त्यावर लोक वर बघत उभे राहिले, मंत्र्याचं हेलिकॉप्टर उतरतंय असं समजून.

त्या सर्व्हरच्या पोटात चार डिस्क. पण मशीनला त्या चार दिसत नाहीत. मीच पूर्वी त्या एकमेकींना जोडून त्यांचा एक सलग मांडव करून दिला होता. आमच्या धंद्यात त्याला लॉजिकल व्हॉल्यूम म्हणतात, पण मांडव म्हटलं तरी भागतं. बाळूनं जुनी फुटकळ शूटिंगं पुसल्यामुळे या मांडवात आता माणसं, म्हणजे फाइली, निम्मीसुद्धा उरली नव्हती. लग्नसराई तोंडावर आलेली आणि एडिटिंगच्या नव्या मशीनला डिस्क हव्या होत्या. म्हणून मला भिंगारहून बोलावलं — मांडव लहान कर आणि दोन डिस्क मोकळ्या करून दे.

काम सोपं, पण क्रम महत्त्वाचा. तो मी बाळूला चांगला समजावून सांगितला होता. "हे बघ, आधी आतली माणसं पुढे सरकवायची. सगळी पुढे येऊन बसली, की मग मागची कनात आवळायची. उलटं केलंस तर मागच्या पंगतीतली माणसं ताटासकट रस्त्यावर."

बाळू हसला होता. "शिऱ्या, हजार लग्नं केलीत म्या. आधी मांडव असतो, मंग मानसं येत्यात. तू मला शिकवू नको."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण ऊन असं होतं की डांबरावर पापड भाजले असते. दोन्ही हुकूम पडद्यावरच्या दोन खिडक्यांत लिहून तयार ठेवले, "कशाला हात लावू नको" म्हटलं आणि रस प्यायला खाली उतरलो. वर येऊन बघतो तर शेठनी आपल्या धंद्याचा क्रम पाळलेला. आधी मांडव आवळला होता. मशीन बिचारं विचारत होतं, बाबा, आतला डेटा जाऊ शकतो, नक्की का? आणि नवरदेवाच्या बापानं जेवणाचा होकार द्यावा तसा यानं होकार दिलेला.

एवढ्यानं मी ओरडलो नसतो. पण भिंतीला टेकून खुर्चीत मंदाअक्का बसल्या होत्या.

मंदाअक्का म्हणजे बाळूची थोरली बहीण, बेलापूरची. सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. मांडीवर पिशवी आणि पिशवीत आमच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू. त्यांचे मालक, रंगनाथदाजी, गेल्याला वर्ष होत आलं होतं. पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध होतं आणि भिंतीवर लावायला दाजींचा एकही फोटो नव्हता.

फोटो का नव्हता, ते सांगायलाच पाहिजे. दाजी हा रुसण्यातला वस्ताद माणूस. बाळूच्या लग्नात मानकऱ्यांना टॉवेल-टोपी द्यायची वेळ आली, माईकवाल्यानं एकेकाचं नाव पुकारलं — मामा, काका, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, बँडवाल्याचा मेहुणासुद्धा — आणि थोरल्या जावयाचंच नाव राहिलं. दाजी उठले आणि मांडवामागं कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर पाठ करून बसले. अख्खा गाव समजूत काढायला गेला, ट्रॅक्टरच्या मालकाला ट्रॅक्टर हवा होता, तोही रडकुंडीला आला. दाजी उतरले नाहीत. शेवटी त्यांना ट्रॅक्टरसकट बेलापूरला पोचवलं असं म्हणतात. तेव्हापासून बाळूचा कॅमेरा दिसला की दाजी पाठ करणार म्हणजे करणार. बाळूकडं दहा वर्षांच्या शूटिंगमध्ये दाजींची पाठ आहे, वेगवेगळ्या सदऱ्यांत. उरला आधार कार्डावरचा फोटो. त्यात दाजी असे दिसतात की समोरून कोणीतरी त्यांची म्हैस सोडून नेतोय.

फक्त एकदा ते वळले होते. त्यांच्या लेकीच्या लग्नात, ती सासरी जायला गाडीत बसली तेव्हा. लेकीनं कानात काहीतरी सांगितलं आणि दाजी वळून कॅमेऱ्याकडं बघून हसले. डोक्याला फेटा, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. बाळूनं स्वतः टिपलं होतं. त्या शूटिंगचा पेनड्राइव्ह अक्कांकडं होता, पण नातवानं तो पुसून त्यावर कार्टून भरलं होतं. आता ते हसू या जगात एकाच ठिकाणी होतं — बाळूच्या सर्व्हरमध्ये. म्हणजे बाळूनं नुकतीच जी कनात आवळली होती, तिच्या आत किंवा बाहेर.

"काय झालं भाऊ?" अक्कांनी मला विचारलं.

"काही नाही अक्का."

"काई न्हाई तर त्याचे हात वर का?"

बाळूनं तसेच हात वर ठेवून सांगून टाकलं. "अक्का, दाजी बहुतेक गेले."

"ते तर गेलेच हायेत," अक्का म्हणाल्या. मग त्यांना अर्थ लागला. लाडवाची पिशवी त्यांनी खाली ठेवली. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "बाळ्या, जित्तेपनी तू त्यांचं नाव घ्यायला इसरलास. आता तोंडबी घालवलं का?"

बाळूनं वर धरलेले हात हळूच खाली घेतले.

आता एक गोष्ट बाळूला माहीत नव्हती. मांडव आवळायच्या आधी तो कसा होता, याची आठवण मशीन स्वतःजवळ ठेवतं. त्यानंतर कुणी आत काही नवीन लिहिलं नसेल, तर मांडव जसाच्या तसा परत ताणता येतो. मी देवाचं नाव घेतलं... म्हणजे नाही घेतलं, मी मानत नाही, पण ओठ हलले. मांडव ताणला. तपासणी लावली. अर्धा तास आम्ही तिघं त्या पडद्याकडं दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखे बघत होतो. सगळं जागच्या जागी! एक माणूस हललं नव्हतं. बाळूनं मला मिठी मारली आणि रसानं चिकटला.

मग मी पद्धतशीर सुरुवात केली, बाळूला खुर्चीपासून दहा हात लांब बसवून. आधी माणसं पुढे सरकवली. मग कनात आवळली. एक डिस्क तिथंच बिनबोभाट मोकळी झाली, ती काढून टेबलावर ठेवली. दुसरीवर थोडंसं काही उरलं होतं. तेवढं उचलून पहिल्या दोन डिस्कांवर ठेवायचं, म्हणजे हीसुद्धा मोकळी. यालाही एक हुकूम असतो. दिला. दहा टक्के, चाळीस टक्के, नव्वद टक्के... नव्व्याण्णव.

आणि गप्प.

चूक दाखवेना, थांबलो म्हणेना, पुढंही जाईना. हुकूम रद्द करून पुन्हा दिला. नव्व्याण्णव. केबल बदलली. नव्व्याण्णव. मशीन बंद करून चालू केलं, खालून दुकानदार ओरडला, पोती सरकली असावीत. नव्व्याण्णव! पहिल्या डिस्कांवर जागा होती, ही डिस्क तपासली तर खणखणीत होती. एवढासा तुकडा, पण तो काही जागचा उठेना. मी नगरी, भिंगारी, आणि मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत ऐकलेली हिंदी, अशा तिन्ही भाषांत शिव्या घातल्या. अक्का होत्या म्हणून पुटपुटत घातल्या.

अडलेल्या तुकड्यावर कोणती फाइल आहे ते शोधून काढता येतं. काढलं. बाळूनं नाव वाचलं आणि घसा खाकरला. अक्कांच्या लेकीच्या लग्नातली फाइल होती. पाठवणीचीच.

"लाव," अक्का म्हणाल्या.

लावली. गाडी आली, लेक बसली, बायका रडल्या, लेकीनं खिडकीतून दाजींच्या कानात काहीतरी सांगितलं... आणि दाजी पाठ करून उभे. मागून फेट्याचा शेमला, सदऱ्यावर घामाचा नकाशा. फाइल संपली, ते वळलेच नाहीत.

"वळले हुते!" बाळू उठून उभा राहिला. "आईच्यान सांगतो, वळले हुते! म्या ह्या हातानं घेतलंय!"

"मीबी पाह्यलंय," अक्का म्हणाल्या. "घरी टीव्हीवर लावलं हुतं."

आम्ही पुन्हा लावली. पाठ. आवाज वाढवून लावली, जसं काही त्यानं माणूस वळणार होता. पाठ. मी म्हटलं, दुसऱ्या कॅमेऱ्याची फाइल असेल. बाळू म्हणाला, कॅमेरा एकच हुता, दुसरा भाड्यानं बेलापूरला गेल्ता.

अक्कांनी पदर खोचला. "रुसलंय ते," त्या म्हणाल्या. "बाळ्या, तू पाव्हन्याला न इचारता बसल्या जाग्यावरनं हालवाया लागला. आन ह्या पाव्हन्याला? ह्येंला तर घरातली खुर्ची सरकवायची म्हनली तरी आदी इचाराया लागायचं. जा, टॉवेल-टोपी आन. नारळ आन. आन नाव पुकार, माईकवर."

मी समजावून बघितलं. "अक्का, हे मशीन आहे. ह्याला मानपान नसतो. कंट्रोलरमध्ये, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या कार्डात, काहीतरी..."

"भाऊ, तुमच्यानं हाललं का?"

"नाही."

"मंग गप बसा."

बाळू समोरच्या कापड दुकानात पळाला, टॉवेल-टोपी-नारळ घेऊन आला. स्टुडिओत लग्नाचा माईक होताच, तो त्यानं जोडला. पण घाईत स्पीकर खिडकीबाहेरचा लागला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि बाळूनं सुरुवात केली. अहो, काय आवाज लागला त्याचा! दहा वर्षांचा राहिलेला मान होता तो.

"आमचे थोरले दाजी... बेलापूरचे प्रगतशील बागायतदार... श्रीमान रंगनाथराव दाजी... यांना नम्र विनंती हाय, की त्यांनी मंडपात येऊन मानाची टॉवेल-टोपी स्वीकारावी! सत्कार करतील त्यांचे धाकटे मेहुने... चुकलेले मेहुने... बाळासाहेब!"

शेवटच्या वाक्याला आवाज जरा चिरकला. स्टँडवर नाशिकची गाडी लागली होती, तिच्यातली माणसं खिडकीतून टाळ्या वाजवायला लागली. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातले दोन गृहस्थ जिना चढून वर आले आणि पंगत कुठल्या बाजूला बसलीय म्हणून विचारायला लागले. त्यांना लाडू देऊन परत पाठवलं.

बाळूनं टॉवेल सर्व्हरवर पसरला. मी ओरडलो, "जाळीवर नको, हवा कोंडेल!" अक्का म्हणाल्या, "मान खांद्यावर असतो, तोंडावर न्हाई," आणि टॉवेल बाजूला घेतला. नारळ मी फोडू दिला नाही, नुसता समोर ठेवायला लावला. मग बाळूनं टोपी ठेवली. दुकानातून आणली तशीच, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीसकट. घाईत होता.

मग अक्का खुर्ची ओढून त्या धुडासमोर बसल्या. आम्ही दोघं तिथं नाहीच अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, उठा आता. झालं न्हवं मनासारखं? लांब न्हाई जायाचं, ह्या घरातनं त्या घरात. लेकीनं काय सांगितलं हुतं, इसरलात का? मामावर राग धरू नका म्हनली हुती ती. उठा."

पडद्यावर शंभर झालं.

मी खुर्चीवरून पडलो नाही. पडलो असं बाळू सांगत फिरतो, पण मी फक्त खाली बसलो, खुर्ची जरा लांब होती.

डिस्क मोकळी झाली. मी काढली, टेबलावर दुसरीशेजारी ठेवली. काम संपलं होतं, पण तिघांतल्या एकालाही तिच्याकडं बघायला सवड नव्हती. बाळूनं फाइल पुन्हा लावली. गाडी आली. लेक बसली. बायका रडल्या. लेकीनं कानात सांगितलं, आणि दाजी वळले! हसले! तोंडभर, डोळ्यांत पाणी, अगदी बाळूनं सांगितल्यासारखे. अक्कांनी पदर तोंडाला लावला. मीही जरा खिडकीबाहेर बघून घेतलं, डोळ्यांत खताची पूड गेली होती.

"शिऱ्या," बाळू अगदी हळू म्हणाला. "फेटा कुठंय?"

मी बघितलं. फेटा नव्हता. दाजींच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. बाळूनं चित्र थांबवून मोठं केलं. खांद्यावर टॉवेल होता, हिरव्या काठाचा. तसाच टॉवेल आमच्यासमोर सर्व्हरवर होता. आणि टोपी... मंडळी, माझ्या पोटापाण्याची शपथ घेऊन सांगतो... टोपी प्लास्टिकच्या पिशवीत होती. पिशवीसकट डोक्यावर. उन्हात चकाकत होती.

आता तुम्ही जे म्हणाल ते मी स्वतःला म्हणून झालंय. जुनी प्रत मशीनच्या आठवणीतून आली असेल? पण त्या लग्नात टोपी नव्हतीच, फेट्याचा शेमला मी स्वतः मागून पाहिला होता. बाळूनं नंतर चित्रात काही घुसवलं असेल? बाळूला साधं नवरीच्या मागचं विजेचा खांब पुसता येत नाही, त्यानं लोकांच्या अल्बममध्ये त्यावर गुलाबाचं फूल चिकटवलंय. फाइलची तारीख जुनीच, आकार जुनाच. मी घरी येऊन दोन जाणत्या मित्रांना फोन केले. एक म्हणाला, कंट्रोलर. दुसरा म्हणाला, ऊन. मी आजही रोज सर्व्हर उघडतो, रोज डिस्क सरकवतो, आणि मला याचं उत्तर सापडलेलं नाही. एवढंच झालं की कुठलीही डिस्क हलवायच्या आधी मी मनातल्या मनात एकदा विचारून घेतो. बाळू तर आता प्रत्येक लग्नात माईकवाल्याच्या शेजारीच उभा राहतो आणि जावयांची नावं आधी घ्यायला लावतो. मोकळ्या झालेल्या दोन्ही डिस्क नव्या मशीनमध्ये बसल्या, चांगल्या चालतात, रुसत नाहीत.

वर्षश्राद्धाला मी बेलापूरला गेलो. ओसरीवर दाजींचा मोठा फोटो लावला होता, चंदनाचा हार घातलेला. तेच हसू. येणारा प्रत्येक पाहुणा हात जोडायचा, मग जरा पुढं वाकायचा, मग शेजारच्याकडं बघायचा. विचारायची कुणाची हिंमत नव्हती. जेवणं झाल्यावर अक्का एकट्या दिसल्या तसा मी जवळ गेलो.

"अक्का," मी म्हटलं, "मला रात्री झोप लागत नाही. तुम्ही खरं सांगा. हे झालं तरी कसं?"

अक्कांनी फोटोवरचा हार नीट केला, दोन पावलं मागं येऊन बघितलं आणि म्हणाल्या,

"बाळ्यानं पिशवी काढाया पायजे हुती."